गोवर्धनचं व्याज

सायकलच्या टायरात हवा किती भरायची यावरून मी कुणाशी भांडेन, असं वयाच्या 48व्या वर्षापर्यंत मला वाटलं नव्हतं. भांडण झालं ते आमच्याच बिल्डिंगमधल्या पोराशी. वय 24, मला काकू म्हणतो, आणि सायकल या विषयावर माझ्याशी साधारण तसा बोलतो जसं मी बँकेत पहिल्यांदा चेकबुक घ्यायला आलेल्या माणसाशी बोलते. "काकू, 60 पीएसआय कशाला ठेवलंय? 35 करा." मी म्हटलं, टायर बसल्यासारखा दिसतो. "दिसू दे ना."

मी आधी रोड बाइक चालवायची. ठाण्यात राहणाऱ्या सायकलवाल्यांचं जे ठरलेलं असतं तेच: पहाटे उपवन, तिथून येऊरचा चढ, वर चहा, परत. येऊरला डांबर सोडून आत शिरायचं नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तसंच असायला हवं. त्यामुळे ठाण्यात ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालवायची जाड टायरांची सायकल, घेऊन करायचं काय, हा घरातल्यांचा प्रश्न रास्त होता. नवरा म्हणाला, घोडबंदर रोड आहे की. हे तो गंमतीत म्हणाला, पण पहिला महिनाभर मी खरोखर तिथल्या सर्व्हिस रोडच्या खणलेल्या कडेकडेने सराव केला.

खरा धडा मिळाला तो लोनाडला. कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या अंगाने गेलं की गोदामांच्या रांगा संपता संपता हे गाव येतं. गावात शिलाहारांच्या काळातलं पडकं शिवमंदिर आहे आणि टेकडीवर बौद्ध लेणं. कोरलेल्या जातककथेच्या पट्ट्यासाठी लोक तिथे जातात. मी गेले आणि लेण्याखालच्या वाटेवर उतारावर घाबरून पुढचा ब्रेक दाबला. सुट्या खड्यावर पुढचं चाक थांबतं, आपण थांबत नाही. कोपर सोललं, हँडल वाकडं झालं, आणि कातकरी वाडीतल्या दोन मुली हसू दाबत पाणी घेऊन आल्या. त्यानंतर मी हवा 35 केली. फरक पहिल्या शंभर मीटरात कळला. कडक टायर प्रत्येक दगडावरून उडतो, मऊ टायर दगडाला गिळून पुढे जातो. बाकीचं त्या पोराने शिकवलं. उतारावर ढुंगण सीटच्या मागे, कोपरं सैल, पकड ढिली, नजर खड्ड्यावर नको तर जिथून जायचंय त्या पट्टीवर. हे शेवटचं सगळ्यात अवघड. बँकेतली बाई आयुष्यभर खड्ड्याकडेच बघत आलेली असते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकला जायचं ठरलं. माझा मामेभाऊ, मी त्याला दादा म्हणते, मातोरी-मुंगसऱ्याच्या बाजूला द्राक्षं करतो. "द्राक्षं खायला ये" असं तो दरवर्षी म्हणतो आणि मी दरवर्षी गाडीने जाऊन, बाग लांबून बघून, पेटी घेऊन परत येते. या वेळी सायकल घेऊन येते म्हटल्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "मुंबईवरून? बाई, तुझं बरं आहे ना?" ठाण्याला तो मुंबईच म्हणतो. आता मी दुरुस्त करणं सोडलंय.

पहाटेच्या कसारा लोकलच्या लगेज डब्यात आम्ही दोघं आणि दोन सायकली. लगेजचं तिकीट काढलं होतं, कोणी विचारलं नाही. कसाऱ्याला उतरल्यावर घाट सायकलने चढायचा असा पोराचा हट्ट होता. मी नाही म्हटलं. थळ घाटात ट्रकांच्या रांगेत श्वास घेत चढण्यात मला काही पराक्रम दिसत नाही. स्टेशनबाहेर नाशिकच्या शेअर टॅक्स्या उभ्या असतात. एकाने सायकली टपावर सुतळीने बांधल्या. माझ्या सीटपेक्षा सायकलचे पैसे जास्त घेतले. वर म्हणाला, "ताई, ती झोपून चाललीय, तुम्ही बसून."

गाडीवाल्याला सांगून शहरात शिरण्याआधी पांडवलेण्यांपाशी उतरलो. पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे एका शहाळेवाल्याच्या भरवशावर सायकली ठेवल्या आणि पायऱ्या चढलो. डोंगराचं नाव त्रिरश्मी, लेणी 24. पांडवांचा काही संबंध नाही. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या काळातले हे विहार, राजांनी, व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी बौद्ध भिक्खूंसाठी खोदवलेले. मी घरून शिलालेखांचं मराठी भाषांतर छापून नेलं होतं. ब्राह्मी लिपी मला येत नाही, पण कोणता लेख कुठल्या लेण्यात आहे एवढं बघून समोर उभं राहून वाचता येतं.

दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो मी तीनदा वाचला, कारण तो चक्क मुदत ठेवीचा दस्तऐवज आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, दिले आणि ते गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. 2000 एका श्रेणीकडे, महिन्याला शेकडा एक या दराने. 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000च्या व्याजातून पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण, कपड्यासाठी. मी तिथेच हिशेब केला. महिना 20, वर्षाला 240. वीस गुणिले बारा, 240. एक कवडी इकडची तिकडे नाही. 1000च्या व्याजातून बहुधा किरकोळ खर्च. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून फलकावर नोंदवलेलं, म्हणजे रजिस्टर केलेलं. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन श्रेणींना वेगवेगळा दर का, हे मला अजून सुचत नाही. आमच्याकडे असतं तर ऑडिटवाल्याने पहिला शेरा त्यावरच मारला असता.

पोरगा तोवर ओसरीत बसून दुसऱ्या दिवसाचा रूट मोबाइलवर बघत होता. म्हणाला, "काकू, हे गोवर्धन इथे आहे. गंगापूर रोडला. वायनरीच्या बाजूला." मी मोबाइल हातात घेऊन बघितलं. शिलालेखातलं गोवर्धन हे त्या वेळच्या आहाराचं, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचं नाव होतं. आजचं गोवर्धन गंगापूर धरणाच्या अलीकडचं गाव आहे. 1999 साली सुरू झालेल्या सुला वाइनचा पत्ता याच गावचा आहे. विणकरांच्या ठेवीवरून द्राक्षाच्या वेलीपर्यंत नाव तेवढं तगून राहिलंय.

तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे लेख आहेत. तो भाग पुढे येईल.

शहरातून भावाच्या गावापर्यंतच्या रस्त्यात सांगण्यासारखं काही नाही. ट्रॅफिक, धूळ, एक चुकलेलं वळण. मखमलाबादनंतर डाव्या कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता लागला आणि पोराने हवा तपासायला थांबायला लावलं. कालव्याचा रस्ता म्हणजे ग्रॅव्हल बाइकसाठीच केल्यासारखा. सपाट, दाबलेला मुरूम, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बागा. पाटकऱ्यांच्या मोटरसायकलींनी मध्ये दोन गुळगुळीत पट्ट्या केलेल्या असतात. चाक तिथे ठेवायचं. मधल्या गवताच्या उंचवट्यावर गेलात की दगड लपलेले.

आमच्या ग्रुपवर सगळे या सगळ्याला 'ग्रॅव्हल' म्हणतात. दादाने तो शब्द ऐकून घेतला आणि रात्री जेवताना विचारलं, म्हणजे नक्की काय? खडी, मुरूम, कच, की नुसती भर? खडीवर चाक लटपटतं. मुरूम पाऊस पडून दाबला गेला की डांबरापेक्षा बरा, पण नुकताच टाकलेला असला की वाळूसारखा. काळ्या मातीची पाणंद जानेवारीत दगडासारखी आणि जुलैत तुमच्या गुडघ्यापर्यंत. शिवरस्ता म्हणजे दोन गावांच्या हद्दीवरचा, त्याची काळजी कोणीच घेत नाही. त्याने दुसऱ्या दिवसाचा आमचा सगळा रूट या हिशेबाने बदलून दिला. मोबाइलवर जी सलग रेघ दिसत होती तिचा अर्धा भाग त्याच्या मते कुणाच्या तरी बांधावरून जात होता. "विचारून जा. नाही म्हणणार नाहीत, पण विचारून जा." वहिनीने शेवग्याच्या शेंगांचं पिठलं केलं होतं, त्यामुळे मी त्याच्याशी वाद घातला नाही.

सकाळी साडेसहाला बागेत इतकी थंडी होती की ब्रेकच्या लिव्हरवर बोटं टिकेनात. दादाची बाग थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर. नाशिकचा वेल थंड देशातल्यासारखा हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा नुसत्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, त्यातून फळ येतं. दोन छाटण्या, एक पीक. मधल्या काळात डावणी आणि भुरी हे रोग, त्यांवर मोरचूद आणि चुन्याचा बोर्डो, मणी वाढवणाऱ्या जीएच्या पाण्यात घड बुडवणं, मणी विरळ करणं. एकेक घड बायका हातात धरून कात्रीने विरळतात. पेटीतली द्राक्षं लांबट आणि सारखी दिसतात ती अशी.

बागेच्या खालच्या टोकाला दोन एकराचा तुकडा आहे, तिथे आता टोमॅटो. कडेला दोन-चार जुने गंजलेले खांब. गाडीने आले तेव्हा मी ते कधी पाहिले नव्हते, कारण गाडी घराशी थांबते. सायकल मात्र मागच्या पाणंदीने बाहेर काढली तेव्हा ते खांब हँडलला घासूनच गेले. मी विचारलं, हे काय?

इथे कॅबरने होती, लाल वाइनचं द्राक्ष. 2001 साली राज्याने वाइनसाठी धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, गावोगाव बैठका झाल्या. दादाने 2006 मध्ये दोन एकर लावली. वाइनचं द्राक्ष वेगळं असतं. लहान, जाड सालीचं, बियांचं, खायला तुरट. ते खुडायचं रसातली साखर 22-24 ब्रिक्सला (हे साखरेचं माप) गेल्यावर, आणि रंग सगळा सालीत असतो म्हणून लाल वाइनसाठी साल रसातच ठेवून आंबवतात. एका कंपनीशी करार होता, दर ठरलेला. पहिलं चांगलं पीक हातात आलं तेव्हा 2008 ची मंदी आली, पाठोपाठ मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस, वाइन टाक्यांत पडून. कंपनीने आधी दर कमी केला, मग माल उचलायला माणूसच पाठवला नाही. "खायलाही येत नाही ते. बेदाण्यालाही चालत नाही. कुणाला देणार?" 2010 मध्ये त्याने जेसीबी लावून वेल उपटले. त्या काळात नाशिकमध्ये असं खूप जणांनी केलं. त्याच वर्षी नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं. दादाला ते माहीत होतं. "हो, पेपरात आलं होतं" एवढंच म्हणाला.

कर्ज कोणत्या बँकेचं होतं ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही.

पाणंदीने निघालो ते आशेवाडीकडे, रामशेजच्या पायथ्याला. या टप्प्यात खरी सायकल चालवायला मिळाली. नऊ-दहा किलोमीटर, पण दीड तास. नांगरटीची ढेकळं, ट्रॅक्टरने केलेले खोल चाकोरे, मधून कोरडा ओढा. चाकोऱ्यात चाक अडकलं की हँडल वळवायला जायचं नाही, त्यातूनच पुढे काढायचं. माझ्या सायकलला पुढे एकच चक्र आहे, 40 दातांचं, आणि मागे 42 पर्यंतचं. सगळ्यात हलक्या गिअरवर बसून पाय फिरवत राहिलं की चढ चढतो, उभं राहून जोर लावला की मागचं चाक जागेवर फिरतं. एका बागेत खुडणी चालू होती. कागद अंथरलेले क्रेट, पक्ष्यांसाठी जाळी, आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. मुकादमाने थांबवलं. मला वाटलं ओरडणार. त्याने एक घड दिला आणि सायकलची किंमत विचारली. मी खोटी सांगितली, निम्मी. तरी तो म्हणाला, "एवढ्यात जुनी बुलेट येते."

रामशेज किल्ला उंचीने फारसा नाही. 1682 मध्ये औरंगजेबाने शहाबुद्दीन खानाला पाठवलं तेव्हा हा काही दिवसांत पडेल असाच अंदाज होता. संभाजी महाराजांच्या काळातल्या इथल्या शिबंदीने तो पाच वर्षांहून जास्त झुंजवला. लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या खोडांवर कातडं चढवून तोफा केल्या, असं सांगतात. शेवटी मोगलांनी किल्ला घेतला तो लढून नव्हे, किल्लेदाराला पैसे देऊन. वरून बघितलं तर खालची सगळी जमीन हिरव्या-करड्या चौकोनांची. हिरवे चौकोन बागांचे. पोराने मला वरून दादाचा टोमॅटोचा तुकडा शोधून दाखवला. बहुधा चुकीचा.

उतरताना लोनाडचं आठवलं, आणि मी एकदाही पुढचा ब्रेक एकटा दाबला नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे सांगितलं.

मुंगसरा, दुगाव करत गिरणारेच्या आसपास बाभळीच्या काट्याने पोराचा मागचा टायर गेला. माझा नाही, त्याचा. ट्यूबलेस होता, आतलं पांढरं सीलंट कारंज्यासारखं उडालं आणि त्याच्या पाठीवर रेघ उमटली. एरवी असं भोक सीलंटने आपोआप बुजतं, पण काटा आडवा शिरून चीर पडली होती. मग रबराची वातीसारखी पट्टी सुईने भोकात कोंबायची, सुई ओढून काढायची, हवा भरायची. तीन वेळा प्रयत्न झाला. टोमॅटोच्या गाड्या थांबून माणसं सल्ले देऊन गेली. एकाने तर चिखल लावायला सांगितलं. शेवटी मी माझी जाडी ट्यूब दिली, जी आणल्याबद्दल तो आदल्या दिवशी मला हसला होता. आता मात्र गप्प होता.

तिथून धरणाचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून, गोदावरी ओलांडून गोवर्धनला आलो तेव्हा चार वाजले होते. वायनरीच्या दारात गाड्यांची रांग. आम्ही दोघं मुरमाने लाल झालेले, आणि आत पांढऱ्या कपड्यांत फोटो काढणारी माणसं. चव घ्यायच्या टेबलावर एका तरुणाने पेला फिरवून वास घ्यायला शिकवलं. पांढऱ्यात शेनिन ब्लां मला आवडली, पेरूसारखी. लालमध्ये शिराझ ठीक, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी. कॅबरने आली तेव्हा मी त्या तरुणाला विचारलं, हे द्राक्ष कुठलं? त्याने नीट सांगितलं, करारावर शेतकरी लावतात, कंपनीची माणसं बागेवर लक्ष ठेवतात, साखर मोजून खुडतात. सगळं बरोबर होतं. मी दोन घोट घेतले, बाकीचं ठेवलेल्या भांड्यात टाकलं. पुढे सायकल चालवायची होती, हे एक कारण. पोराने काहीच घेतलं नाही, सोडा मागवला.

बाहेर ओट्यावर बसून मी आदल्या दिवशीचे छापलेले कागद काढले. तिसऱ्या लेण्यातला भाग. सातकर्णीने आधी भिक्खूंना ककडी गावातलं एक शेत दिलं होतं. राज्यवर्ष 24 च्या लेखात तो आणि त्याची आई गोवर्धनच्या अमात्याला कळवतात, की ते शेत कसलं जात नाही आणि ते गाव वसलेलं नाही, म्हणून नगराच्या हद्दीवरची राजाच्या मालकीची 100 निवर्तनं जमीन त्याऐवजी द्यावी. एवढंच. चूक कोणाची, शेत का पडीक, काही नाही. दिलेलं निरुपयोगी निघालं, तर बदलून दिलं, आणि ते दगडात लिहून ठेवलं.

मी दादाला फोन लावला. वाचून दाखवलं. त्याला वाटलं कुठल्या सरकारी योजनेची बातमी आहे. म्हणाला, "अर्ज कुठे करायचा?"

रात्री परतीच्या गाडीच्या टपावर पुन्हा सायकली, खाली पायाशी द्राक्षांची पेटी. कसाऱ्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये पेटीचा तळ ओला झालेला दिसला. वरचे घड चांगले होते, खालचे चिरडलेले. ठाण्याला उतरेपर्यंत डब्यात सगळीकडे गोड वास.

दादाने निघताना एक गोष्ट सांगितली होती. एप्रिलमध्ये ये, खरड छाटणीला. तेव्हा बागेत एकही पान नसतं, कोणी पाहुणा येत नाही, आणि पाणंदी सगळ्यात चांगल्या असतात. मी रजेचा अर्ज टाकलाय. पोराला विचारलं तर तो येतो म्हणाला, फक्त ट्यूब दोन आणा म्हणाला, आणि उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, तेव्हा मार्चअखेरीस बदलून घ्या. मार्चअखेरीस बँकेत काय असतं, हे त्याला कोण सांगणार.